हरिहरेश्वर: खोलीआधी ओहोटीची वेळ बघा

हरिहरेश्वरला दोन किनारे आहेत, देवळं आहेत, राहण्या-जेवणाची सोयही बरी आहे. पण श्रीवर्धन तालुक्यातल्या या गावी खास यावं ते देवळामागच्या प्रदक्षिणेसाठी, आणि ती समुद्र वाट देईल तेव्हाच होते. म्हणून खोली ठरवण्याआधी तिथी बघा.

कोकणातला हिशेब सोपा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. द्वादशीला भरती सकाळी नऊला, म्हणजे ओहोटी दुपारी सव्वातीनला. द्वितीयेला भरती रात्री दीडला, ओहोटी सकाळी पावणेआठला. या तिथींच्या आसपास ओहोटीच्या वेळी उजेड असतो आणि उधाण (पौर्णिमा-अमावास्येची मोठी भरती-ओहोटी) जवळ असल्याने पाणीही चांगलं मागे हटतं. अष्टमी टाळा. ओहोटी भर दुपारी येते, भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती-ओहोटी) असल्याने पाणी फारसं उतरत नाही आणि कातळ तापलेला असतो. हिशेबात पाऊण-एक तासाचा फरक पडू शकतो, त्यामुळे निघण्यापूर्वी देवळाजवळ विचारूनच घ्या.

दर्शनाचा रिवाज आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, पुन्हा काळभैरव असा. तिथून टेकडी चढायची आणि दोन कड्यांमधल्या अरुंद घळीतून उभ्या पायऱ्या उतरायच्या. खाली पाय ठेवला की समोर एकदम समुद्र. लाटांनी कापून सपाट केलेला कातळ पुढे पसरलेला आणि बाजूची भिंत मधाच्या पोळ्यासारखी भोकाभोकांची. खारं पाणी खडकाच्या छिद्रांत मुरतं, सुकताना मिठाचे स्फटिक फुगतात आणि खडकाचा कण न् कण सुटा करतात. त्यातून ही नक्षी होते. ती नीट बघायची तर तासभर हाताशी ठेवा, म्हणजे पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पायऱ्या उतरायला लागा.

इथले अपघात बहुधा दोन कारणांनी होतात. एक, हिरव्या शेवाळावर पाय पडतो. मागे पट्टा असलेल्या, पकड घेणाऱ्या चपला घाला आणि कोरड्या कातळावरूनच चाला. दुसरं, फोटोसाठी लोक कडेला पाठ करून उभे राहतात. साध्या लाटांमध्येच अचानक एखादी मोठी येते आणि माणूस ओढला जातो. कातळाच्या ओल्या भागात उभंच राहू नका. पावसाळ्यात प्रदक्षिणेचा विचारही नको.

किनारे संध्याकाळी फिरायला छान, पोहायला नाहीत. पाण्याखाली खडक आहेत, शिवाय सावित्री नदीचं मुख जवळ असल्याने ओढही आहे. मुलांना वाळूत मनसोक्त खेळवायचं असेल तर दिवेआगरचा लांबलचक किनारा जास्त चांगला.

एमटीडीसीचं (राज्याच्या पर्यटन महामंडळाचं) निवासस्थान आहे, पण जेवणासाठी घरगुती खानावळच गाठा. ताटं किती ते सकाळीच सांगून ठेवा; उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी. रोख पैसे जवळ असू द्या, पेट्रोल श्रीवर्धनला भरून घ्या. रेल्वेने येणाऱ्यांना माणगाव सोयीचं, पुढे म्हसळा-श्रीवर्धन मार्गे रस्ता.

एक दिवस जास्त असेल तर बागमांडल्याहून गाडीसकट फेरीबोटीने खाडीपलीकडे वेश्वीला उतरा. बाणकोटचा किल्ला करून वेळासला जाता येतं. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायची असतील तर मुक्काम वेळासलाच करा, कारण पिल्लं सकाळी लवकर आणि संध्याकाळी सोडतात. सुट्टीच्या दिवशी फेरीबोटीच्या धक्क्यावर गाड्यांची रांग लागते. परतीची शेवटची फेरी किती वाजता ते जातानाच विचारा. ती चुकली तर आंबेत पुलावरून मोठा वळसा पडतो.