झुडपांच्या जाळीतल्या टर्कीसाठी काडतूस: ५ नंबरचं शिसं की ९ नंबरचं टंगस्टन?

आजोबांकडे शेताच्या राखणीसाठी परवान्याची बारा बोर होती. तिचा मी फक्त बार ऐकला. १९७२च्या वन्यजीव कायद्यामुळे तिकडे शिकारीचा प्रश्नच नव्हता. बंदूक हातात आली ती अमेरिकेतल्या मिसूरीत, आणि पहिला टर्की नर माझ्याकडून हुकला तो १४ पावलांवर. पन्नासावर हुकला असता तर सांगायला तरी बरं वाटलं असतं.

दुकानातून मी आणली होती लांब पल्ल्याची, टंगस्टनच्या छऱ्यांची काडतुसं, आणि सोबत टर्कीचा खास घट्ट चोक, म्हणजे छर्रे एकत्र ठेवायला बंदुकीच्या तोंडाला बसवायची छोटी नळी. सगळा हिशेब ४०-५० यार्डांचा. बसलो होतो मात्र रानगुलाबाच्या जाळीच्या कडेला. गेल्या शतकात इकडे शेतकऱ्यांना जिवंत कुंपण म्हणून लावायला सांगितलेला हाच तो काटेरी गुलाब. आता बांध सोडून सगळीकडे पसरलाय. त्यात भर सीडरच्या झाडांची. २५ यार्डांपलीकडचं दिसेल तर शपथ.

आता दोन्ही खोकी शेजारी ठेवू. नंबर जितका मोठा, तितका छर्रा बारीक. ५ नंबरच्या शिशाचा छर्रा साधारण ३ मिलिमीटरचा, औंसाला (सुमारे २८ ग्रॅमला) १७०च्या आसपास. बारा बोरच्या पावणेदोन औंसांच्या काडतुसात ३००च्या घरात बसतात. ९ नंबरच्या टंगस्टनचा छर्रा जेमतेम २ मिलिमीटरचा. पण शिशाची घनता ११.३ तर याची १८, त्यामुळे एवढासा दाणाही साधारण ५ नंबरच्या शिशाइतकाच खोल जातो. औंसाला ३६० म्हटलं तर वीस बोरच्या दीड औंसात ५४० झाले. हलक्या वीस बोरनं बारा बोरचं काम होतं, खांद्याला मार कमी. किंमत मात्र बघा: शिशाचं काडतूस दोन-तीन डॉलरला, टंगस्टनचं एकेक दहा किंवा त्याहूनही वर.

दोन्हीबद्दल एक समज सारखाच ऐकू येतो: 'जड छर्रा झुडूप फोडून जातो.' नाही जात. बोटाएवढ्या फांदीला लागलेला छर्रा शिशाचा असो की टंगस्टनचा, वाट सोडतो किंवा जोर गमावतो. म्हणून झुडपात काडतूस निवडायचं ते फांद्या फोडायला नाही, तर फटीतून दिसणाऱ्या मानेवर छर्रे नीट पसरायला. इथेच माझा घोळ झाला होता.

नंतर खाकी कागद लावून त्याच अंतरावर बार काढला. घट्ट चोकमधून टंगस्टन १५ यार्डांवर मुठीएवढं गेलं. टर्कीचं डोकं चालताना सतत पुढे-मागे होतं. मुठीएवढ्या झुबक्यानं ते गाठायचं म्हणजे जवळजवळ एका गोळीचा नेम. मॉडिफाइड, म्हणजे बेताचा सैल, चोक लावून ५ नंबरचं शिसं उडवलं तर छर्रे ताटाएवढे पसरले. २५ यार्डांवरही १० इंची वर्तुळात १००च्या वर भोकं होती, म्हणजे टर्कीसाठी लोक जो अंदाज धरतात तो पुरा झाला. ४० यार्डांवर तेच विरळ झालं, पण जाळीत ४० यार्डांचं काय करायचंय?

तेव्हा माझं मत: बारा बोर असेल आणि बैठक झुडपात असेल, तर ५ नंबरचं शिसं घ्या, चोक सैल ठेवा. ६ नंबरचंही चालेल. तितक्याच वजनात ३९०च्या आसपास दाणे मिळतात आणि जवळच्या अंतरावर जोर पुरतो. ४ नंबरच्या वाटेला मी जात नाही, दाणे कमी पडतात. त्याहून मोठा छर्रा तर मिसूरीत चालतच नाही. साडेतीन इंच लांबीचं जोरकस काडतूस झुडपासाठी निव्वळ खांदेदुखी.

टंगस्टन घ्यावं ते वीस बोर किंवा त्याहून बारीक नळीची .४१० असेल तर, किंवा जाळीपुढे मोकळं कुरण असेल तर. तेव्हाही टर्कीचा चोक काढून १५ यार्डांवर एक महागडा बार कागदावर घालवा. हुकलेल्या नरापेक्षा तो स्वस्त पडतो. कॅलिफोर्नियात २०१९पासून शिकारीला शिसं चालतच नाही. तिथे जुनी बंदूक असेल तर बिस्मथ बघा, ते मऊ असतं. पोलादी छर्रा जुन्या घट्ट नळीत घालू नका.

कुठलंही काडतूस असो, पाला हलला किंवा आवाज आला म्हणून घोडा दाबायचा नाही. नराचं डोकं लाल-पांढरं-निळं असतं, म्हणून दुसऱ्या शिकाऱ्यानं आपल्यालाच नर समजू नये यासाठी हे तीन रंग अंगावर घालू नयेत. वसंतात नर किंवा छातीवर दाढी (केसांसारख्या पिसांचा झुपका) दिसणारा पक्षीच मारता येतो. ती दाढी आणि पूर्ण मान दिसेपर्यंत थांबायचं. पिसं संपून उघडी मान सुरू होते तिथे नेम.

घरच्यांसाठीही एक गोष्ट: मटणाच्या मसाल्यात टर्की झकास लागते, पण शिजवण्याआधी मांस बोटांनी चाचपून घ्या. शिसं खाल्लेलं बरं नव्हे, आणि टंगस्टनचा दाणा दाताखाली आला तर तुटतो तो दात.