‘सगळे धरून’ भाड्याची वन आरके : कर्वेनगरमधील ११ महिन्यांचा अनुभव

पुण्यात कर्वेनगरमध्ये लाइट, पाणी, मेन्टेनन्स, वायफाय आणि आठवड्यातून दोनदा साफसफाई असे सगळे धरून महिना १७,००० रुपये भाड्याच्या वन आरकेमध्ये (एक खोली आणि स्वयंपाकघर) मी ११ महिने राहिले. एकटीने राहून नोकरी करणाऱ्या मुलीला अशी खोली परवडते का, याचे माझे उत्तर ‘होय’ असे आहे. मात्र करारनाम्यात लाइटच्या युनिटची मर्यादा किती लिहिली आहे, यावर ते अवलंबून आहे.

आधीच्या खोलीचे भाडे १३,००० रुपये होते आणि जाहिरातीत ती स्वस्त दिसत होती. त्यावर सोसायटीचा मेन्टेनन्स १,२००, लाइट बिल साधारण ९००, वायफाय ७०० आणि ब्रोकरला दिलेले एक महिन्याचे भाडे ११ महिन्यांवर वाटले, तर खरा खर्च १७,००० च्या घरातच जात होता. पलंग, कपाट आणि फ्रिज यांची सोय मला करावी लागली होती ती वेगळीच. नव्या खोलीत हे तिन्ही होते आणि दलाली नव्हती.

आता लाइटविषयी सविस्तर लिहिते, कारण खरी मेख तेथेच आहे. भाड्यात महिन्याला १०० युनिट धरलेले होते आणि त्यापुढे प्रत्येक युनिटला १४ रुपये लागत होते. खोलीत गॅस नसून इंडक्शन शेगडी आहे, हे मला सुरुवातीला सोयीचे वाटले. प्रत्यक्षात स्वयंपाकाचा सगळा भार मीटरवर येतो. २,००० वॅटचा गीझर रोज १५ मिनिटे लावला तर महिन्याला १५ युनिट होतात, १,२०० वॅटवर शेगडी रोज तासभर चालली तर ३६, आणि ७० वॅटचा पंखा रोज दहा तास फिरला तर २१. फ्रिजचे वीसेक युनिट, दिवे, इस्त्री आणि लॅपटॉप मिळवले की शंभरी गाठलीच. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतात. पहिल्या १०० युनिटचा दर सर्वांत कमी असतो आणि १०१ ते ३०० चा बराच जास्त. अनेक खोल्या मिळून एकच मीटर असेल, तर एकत्रित वापर वरच्या टप्प्यात जातो आणि कमी वापरणाऱ्या भाडेकरूला स्वस्त टप्प्याचा लाभ मिळतच नाही. आमच्या इमारतीत नेमके हेच होते.

तिसऱ्या महिन्यात, गणपतीला पाच दिवस गावी जाऊन आल्यावरही, माझे १४८ युनिट निघाले. त्या रात्री मी खोलीचा मेन स्विच बंद केला आणि स्टुलावर चढून दारावरचा सबमीटर (फक्त माझ्या खोलीचा वापर मोजणारा मीटर) पाहिला, तर त्याचा लाल दिवा दर दहा-पंधरा सेकंदांनी लुकलुकतच होता, म्हणजे खोली बंद असूनही वीज मोजली जात होती. इलेक्ट्रिशियनने वायरिंग उघडल्यावर जिन्यातील दोन ट्यूब आणि मजल्यावरचा वॉटर प्युरिफायर माझ्या मीटरवर जोडलेले आढळले. तीन महिन्यांचे जादा घेतलेले १,५६८ रुपये परत मिळाले, पण त्यासाठी मला चार वेळा फोन करावे लागले. ही चूक मुद्दाम झाली असे मी म्हणत नाही. तरीही पैसे भाडेकरूचे जात असताना तक्रारीची दखल पहिल्या फोनलाच घेतली जायला हवी होती.

पाण्याबाबत मी पूर्ण समाधानी आहे. एप्रिल-मेमध्ये टँकर येत होते, तरी त्याची वर्गणी कोणी मागितली नाही. साफसफाई मात्र दिवाळीनंतर आठवड्यातून एकदाच होऊ लागली. करारनामा रीतसर नोंदवलेला होता, आणि हे मी फार मोलाचे मानते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, आणि नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

मी पुढच्या ११ महिन्यांसाठी तीच खोली घेतली आहे. या वेळी करारात मर्यादा १२० युनिट लिहून घेतली, जिन्याचे दिवे सामाईक मीटरवर राहतील अशी अट घातली आणि ताबा घेताना सबमीटरच्या आकड्याचा फोटो काढून तो दोन्ही बाजूंच्या सह्यांसह करारनाम्याला जोडला.