सोमवारची बैठक: दहा महिन्यांनंतरचं माझं मत

28 वर्षं एसटी चालवली. रिटायर झालो त्याच साली बायको गेली, पोरगा पुण्यात. घरात मी अन टीव्ही. गावात एका संस्थेनं मनातलं बोलायला आधार गट सुरू केला, तेव्हा गट चालवणाऱ्या आशाताई दोनदा घरी आल्या. "काका, बोलू नका, नुसते येऊन बसा."

पहिला दिवस बेकार गेला. तालुक्याहून आलेल्या पोरीनं नऊ प्रश्नांचा कागद काढला. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस उदास वाटलं, झोप कशी, भूक कशी, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. बाजूचा पुटपुटला, "एवढं तं बँकेवालाही नाही इचारत बाप्पा." कागद कामाचा असेल, पण पहिल्याच दिवशी नको होता.

दुसऱ्या सोमवारपासून बरं वाटू लागलं. नियम एकच, कोणी सल्ला द्यायचा नाही. आपल्याकडे हे लय कठीण. माणसानं तोंड उघडलं की 'देवाचं कर', 'दुसरं लग्न कर' सुरू. इथं कोणाची जीभ वळवळली की आशाताई हात वर करतात. एक जण तीन बैठका बैलाबद्दलच बोलला. पोळ्याच्या तोंडावर मेला होता, झूल अजून गोठ्यातल्या खुंटीला. चौथ्या खेपेला कळलं, तो बैल त्यानं भावासोबत मिळून घेतला होता अन वाटणीपासून भाऊ बोलत नाही. कोणी काही म्हटलं नाही. चहा आला.

मी बोललो सहाव्या सोमवारी. पहाटे साडेचारला जाग येते, पहिल्या फेरीची वेळ. ती चहा ठेवायची. आता उठून बूट घालतो अन खाटेवर बसून राहतो.

दुसऱ्या दिवशी ही गोष्ट पानटपरीवर! दोन सोमवार गेलो नाही. मग ज्यानं गोष्ट बाहेर फोडली त्याच माणसाला घेऊन आशाताई दारात. तो आत आला नाही, उंबऱ्यावर बसून चप्पलचा अंगठा कुरतडत राहिला. पाच ताऱ्यांतला एक मी त्याच्यापायी कापला, बाकी चार दिले.

दुसरी अडचण वेळेची. हिवाळ्यात पंपाची लाईन रात्री आली की हरभऱ्याला ओलित करायला माणसं वावरात, गटात चारच डोकी. बायांचा गट दुपारी असतो, तो मात्र भरलेला.

गट म्हणजे दवाखाना नाही, हे तेही सांगतात. एका पोराच्या तोंडी जीव द्यायची भाषा आली. त्या रात्री दोघं त्याच्याजवळ झोपले, फवारणीचे डबे घरातून हलवले अन सकाळी त्याला जिल्ह्याच्या दवाखान्यात मनोविकाराच्या डॉक्टरकडे नेलं. भिंतीवर टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाईनचा, नंबर 14416 रंगवला आहे. फोन फुकट, रात्रीही उचलतात, मराठीत बोलतात.

बैठक समाजमंदिरात, सात म्हणजे साडेसात समजा. चहा कोरा, साखर जास्त. सतरंजी पातळ आहे, गुडघे दुखत असतील तर भिंतीकडची जागा धरा.