एसआरएसडी पद्धत: डिसग्राफिया असलेल्या मुलासोबत नऊ महिने

माझा मुलगा पाचवीत आहे, मराठी माध्यमात. डिसग्राफियाचं, म्हणजे लिहिण्यातल्या अध्ययन अक्षमतेचं, निदान तिसरीत झालं. गडावरच्या सहलीबद्दल विचारा, पंधरा मिनिटं न थांबता सांगेल. वही पुढे ठेवली की अर्ध्या तासात तीन ओळी, त्याही खाडाखोड करून. गेल्या जूनमध्ये रेमेडियलच्या (अशा मुलांना वेगळं शिकवणाऱ्या) मॅडमनी एसआरएसडी, म्हणजे ‘सेल्फ रेग्युलेटेड स्ट्रॅटेजी डेव्हलपमेंट’ ही लेखन शिकवायची पद्धत, करून बघू या म्हटलं. कॅरन हॅरिस आणि स्टीव्ह ग्रॅहम यांनी १९८० च्या दशकात अमेरिकेत ही पद्धत विकसित केली, ती अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांसोबत काम करतानाच. आम्ही आठवड्यातून तीन दिवस, अर्धा-अर्धा तास दिला.

पद्धतीचे सहा टप्पे आहेत: पूर्वतयारी, चर्चा, करून दाखवणं, पाठ करणं, आधार देणं आणि मग मुलानं एकट्यानं लिहिणं. मत मांडायच्या लेखनासाठी ‘ट्री’ (TREE) हे इंग्रजी आद्याक्षरांचं सूत्र वापरतात. त्यात मुख्य वाक्य म्हणजे झाडाचं खोड आणि कारणं म्हणजे मुळं. ती आद्याक्षरं आमच्या काही कामाची नव्हती, म्हणून आम्ही वड घेतला. मत हे खोड, आणि ते धरून ठेवणाऱ्या निदान तीन पारंब्या.

इथे मी मोठी चूक केली. सूत्र सोपं वाटलं म्हणून थेट पाठ करून घेतलं. दोन आठवड्यांत तो पाढ्यांसारखं म्हणायला लागला, पण पान कोरंच. मॅडमनी आम्हाला पुन्हा तिसऱ्या टप्प्यावर आणलं. तिथे मोठ्या माणसानं मुलासमोर बसून लिहायचं असतं आणि डोक्यात जे चाललंय ते मोठ्यानं बोलायचं असतं. विषय होता ‘सुट्टीत गृहपाठ असावा का?’ मी बोलत होते, “काय लिहू बरं… काहीच सुचत नाहीये. थांब, घाई नको. आधी माझं मत काय ते ठरवते.” त्यानं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “आई, तुलापण सुचत नाही?”

त्याला वाटायचं, अडतं ते फक्त त्यालाच. तीन वर्षं मी त्याच्याकडून लिहून घेत होते, पण स्वतः अडखळताना त्याला कधी दिसलेच नव्हते. त्यानंतर त्यानं स्वतःशी बोलायचं स्वतःचं वाक्य तयार केलं: “एक-एक पारंबी.” अजूनही लिहिताना पुटपुटतो. माझ्या मते या पद्धतीचा जीव इथे आहे. सूत्र कुठलंही चालेल, पण हे बोलणं आणि स्वतःची प्रगती स्वतः मोजणं वगळू नका. आमच्याकडे तो प्रत्येक निबंधातली कारणं मोजून तेवढे चौकोन रंगवतो.

डिसेंबरपर्यंत तीन ओळींच्या दहा-बारा झाल्या. मुद्दे आधी एकेका शब्दात टिपतो, मग वाक्यं.

आता जे जमलं नाही ते. अक्षर, वेलांट्या, जोडाक्षरं यांत या पद्धतीनं फरक पडला नाही. त्यासाठी वेगळा सराव चालूच आहे. मराठीत तयार साहित्य आम्हाला मिळालं नाही, तक्ते सगळे हातानं काढले. मधले दोन महिने प्रत्येक निबंध एकाच साच्यातला यायचा, ‘पहिलं कारण, दुसरं कारण’. आणि घरी जमलेलं शाळेत आपोआप जात नाही. पहिल्या घटक चाचणीत त्यानं काहीच वापरलं नाही. मग आम्ही सवय लावली: प्रश्नपत्रिका हातात आली की कच्च्या कागदाच्या कोपऱ्यात आधी वड काढायचा.

काही पालक म्हणतात, पुढे लेखनिक मिळेलच, मग एवढा खटाटोप कशाला? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि सवलती जरूर घ्याव्यात, आम्हीही घेणार आहोत. पण लेखनिक फक्त हात देतो. काय लिहायचं, कुठल्या क्रमानं, हे मुलालाच सांगावं लागतं, आणि आमचं मूल नेमकं तिथेच गप्प व्हायचं.

सुरू करणार असाल तर पहिला महिना मुलाकडून एकही निबंध मागू नका. तुम्ही लिहा, त्याला ऐकू द्या. आमचं पत्रलेखन अजून अडलेलंच आहे; या आठवड्यात त्याच्यासमोर बसून आजीला पत्र लिहायला घेतलंय.