ग्लॅडिओलसचे ‘शीतगृहातले’ कंद घेताना सावध राहा

नाताळ आणि मार्गशीर्षातील लग्नसराई साधावी म्हणून सप्टेंबरात दहा गुंठ्यांसाठी मी ग्लॅडिओलस या फुलझाडाचे 12,000 कंद प्रत्येकी साडेचार रुपयांनी, म्हणजे 54,000 रुपयांना घेतले. वाहतुकीचे 2,350 आणि विक्रेत्याने आग्रहाने गळ्यात मारलेल्या जिबरेलिनच्या (कंदाची झोप मोडून कोंब फुटायला मदत करणाऱ्या संप्रेरकाच्या) पुड्यांचे 3,800 धरून 60,150 रुपये गेले.

काढणीनंतर हा कंद काही महिने सुप्तावस्थेत असतो. त्यातील अ‍ॅब्सिसिक आम्ल डोळा फुटू देत नाही. 4 ते 5 अंश सेल्सिअसला सुमारे तीन महिने ठेवल्यावर ते उतरते आणि कोंब धरतो. ‘तीन महिने शीतगृहात ठेवलेला माल आहे’ असे विक्रेत्याने छातीठोकपणे सांगितले होते. मग पुडी कशासाठी? संशय यायला हवा होता तो याच क्षणी. पण लागवडीपूर्वी जिबरेलिनच्या द्रावणात कंद बुडवण्याची शिफारस खरोखरच असते. त्यामुळे शेतकऱ्याला संशय यावा तरी कसा?

साल सोलून कंदाचे बूड पाहा. जागा झालेल्या कंदाच्या बुडाशी मुळांचे बारीक उंचवटे कडेने दिसतात. माझ्या कंदांचे बूड सपाट होते आणि काहींना जुन्या कंदाचा ओलसर अवशेष तसाच चिकटलेला होता, म्हणजे माल नुकताच काढलेला. शुद्ध जिबरेलिक आम्ल, म्हणजेच पुडीतले जिबरेलिन, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवावे लागते; ही पूड साध्या पाण्यात साखरेसारखी विरघळली. पुडीवर नोंदणी क्रमांक नव्हता.

उगवण तुरळक झाली. ‘पाणी जास्त झाले’ असे विक्रेता म्हणाला, परंतु उकरून कापलेले कंद आतून पांढरे, टणक, जिवंत होते. कुजीचा लवलेश नव्हता. बहुतेक कंद फुटले ते हंगाम हातचा गेल्यावर.

तक्रार नेल्यावर तालुक्याच्या कृषी कार्यालयाने जिल्ह्याला पाठवले. तेथे सांगण्यात आले की 1966 च्या बियाणे कायद्यात कंद येतात, पण अन्नपिकांचे आणि चाऱ्याचे, फुलांचे नाहीत. जिबरेलिन 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली येते, तर पुडी फोडलेली असल्याने नमुना घेता येत नाही! न फोडता ती वापरायची कशी, याचे उत्तर कोणाकडेही नव्हते. पोलिसांनी ‘हा दिवाणी वाद आहे’ म्हणून हात झटकले. लाखोंची फुले पिकवणाऱ्याला वाली कोण?

एक पुडी सीलबंद राखून ठेवा. बिलावर शीतगृहात माल ठेवल्याची आणि काढल्याची तारीख लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका; माझ्या बिलावर केवळ ‘फुलझाडांचे कंद’ एवढेच लिहिलेले आहे आणि तेच घेऊन मी आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करत आहे.