गट थांबला, वही हाती आली: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मागच्या कार्तिकात आमचा गट थांबला. एकोणीस वर्षं दर महिन्याच्या पहिल्या रविवारी रत्नागिरीत आप्पांच्या पडवीत माणसं जमत होती. कोणी चिपळूणहून येई, कोणी राजापूरहून. कुडाळच्या वहिनी पहाटेची गाडी धरून येत आणि संध्याकाळी परत जात. विषय एकच, कोकणातलं फिरणं. फिरून आलेल्याने एक पान लिहायचं: कुठे गेलो, कशाने गेलो, किती पैसे लागले, प्यायचं पाणी कुठे मिळालं, वाट कोणाला विचारली. पुढे दुसरं कोणी त्याच जागी जाऊन आलं की त्याने त्याच पानाखाली तारीख घालून बदललेलं लिहायचं. आधीचं खोडायचं नाही, एवढा एकच नियम होता. मी त्यातली शेवटची नऊ वर्षं होते.

गट भांडून मोडला नाही. आप्पांचे गुडघे गेले, मुलगा त्यांना पुण्याला नेणार होता, घराला कुलूप लागणार होतं. नवी मुलं येईनाशी झालेली. शेवटच्या रविवारी आम्ही अकरा जण होतो. कांदेपोहे झाले, दोनदा चहा झाला, आणि आप्पांनी प्रत्येकाच्या हातात सगळ्या पानांची झेरॉक्स काढून बांधलेली वही ठेवली. २१४ पानं. "चूक सापडली तर लिहा," एवढंच म्हणाले. घरी आल्यावर मी ती कपाटावर ठेवून दिली. उघडवेना. पंधरा दिवसांनी विजयदुर्गला निघाले तेव्हा खाली काढली, आणि तेव्हापासून ती माझ्या पिशवीत आहे. सुट्या मिळतील तशी फिरले, बहुतेक एसटीने, थोडं माझ्या स्कूटरवर.

आधी ती वही म्हणून कशी टिकली ते सांगते, कारण अशी पानं पुष्कळ घरांत पडून असतील. तारेचं स्पायरल खाऱ्या हवेत चार महिन्यांत गंजलं आणि पानांच्या भोकांभोवती तांबडे डाग पडले. शाईने लिहिलेलं झेरॉक्समध्ये नीट उमटलंय, पेन्सिलीचं फिकट, आणि समासातल्या दुरुस्त्या नेमक्या पेन्सिलीनेच केलेल्या. जूनच्या पहिल्या पावसात कडांना बुरशी धरली. मग मी तार काढून टाकली, सुती दोऱ्याने वही शिवली आणि जाड प्लास्टिकच्या पिशवीत तांदळाची पुरचुंडी घालून ठेवली. तेव्हापासून ठीक आहे. फिकट पानं मात्र पावसाआधीच शाईने गिरवून घ्यायला हवी होती.

आता आतला मजकूर.

विजयदुर्गचं पान पहिल्यांदा वापरलं आणि ह्या वहीवर माझा जीव जडला तो तिथेच. किल्ल्यात 'साहेबाचे ओटे' म्हणतात ते चौथरे आहेत. २००९ च्या नोंदीत लिहिलंय की १८६८ च्या ग्रहणात इथूनच हेलियमचा शोध लागला. आपण सगळे हेच ऐकत आलोय. त्याखाली गटातल्या विज्ञानाच्या निवृत्त मास्तरांची बारीक अक्षरातली दुरुस्ती आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाचं निरीक्षण फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी केलं ते गुंटूरहून. ज्यांच्या नावाने ही गोष्ट सांगतात ते इंग्रज शास्त्रज्ञ लॉकयर त्या वर्षी इंग्लंडमध्येच होते आणि सूर्याच्या कडेच्या प्रकाशातली हेलियमची पिवळी रेषा त्यांनी ऑक्टोबरात, ग्रहण नसताना पाहिली. ते विजयदुर्गला खरोखरच आले, पण ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. ह्यावरून पडवीत दोन रविवार वाद चालला होता, मला आठवतो. मास्तर आवाज न चढवता तारखा सांगत राहिले. त्या ओट्यावर उभी राहून मी ती दुरुस्ती पुन्हा वाचली. १८९८ साली दुर्बिणी आणि यंत्रं घेऊन माणसं ह्या खाडीत उतरली आणि इथे उभी राहिली, ही गोष्ट मला शोधाच्या गोष्टीपेक्षा कमी वाटत नाही. मास्तर चार वर्षांपूर्वी गेले. त्यांचं अक्षर वहीत आहे.

सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते भरतीचं पान. हर्णैकडच्या एका जुन्या सभासदाने वडिलांकडून ऐकलेला हिशेब लिहून ठेवलाय: तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. दिवसा एकदा आणि रात्री साधारण त्याच सुमाराला पुन्हा एकदा. मी आठ महिने पंचांग बघून हे ताडून पाहिलं. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, आणि पौर्णिमा ओलांडून प्रतिपदेला आकडा एकावर आला की हिशेब थोडा पुढे उडी मारतो, म्हणून त्या दिवसांत तासभर आधी पोचावं. पण किनाऱ्यावरच्या पायवाटेने पुढच्या वाडीला जायचं की नाही, ते ठरवायला हा हिशेब पुरतो. मोबाइलची रेंज नसलेल्या जागी मी ह्याच आधारावर दोनदा परत फिरले आणि दोन्ही वेळा पाणी खडकाला लागलेलं पाहिलं.

हेदवीची बामणघळ मी ह्याच पानावरून साधली. काळ्या कातळाला पडलेली ती अरुंद भेग, तिच्यात भरतीची लाट शिरली की पाणी सरळ वर उसळतं. ओहोटीला गेलात तर नुसती घळ दिसते, आणि असे हिरमुसून परतलेले पुष्कळ आहेत. वहीत लिहिलंय की उधाणाचा जोर पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी असतो, तेव्हा जावं. मी फाल्गुन वद्य द्वितीयेला गेले. हिशेबाने दीड वाजता भरती; मी बाराला पोचून सावलीत बसले होते. एकच्या सुमारास एक लाट अशी आली की घळीतून आधी हवेचा घुमल्यासारखा आवाज झाला आणि मग पांढरा खांब उभा राहिला. माझ्या तोंडावर खारं पाणी आलं तरी मी हलले नाही. तरी सांगते, कडेचा कातळ शेवाळलेला आणि निसरडा आहे, लाटेच्या बाजूला उभं राहू नका. पानावर हे तीन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत लिहिलेलं आहे.

त्याच पानावर आणखी एक ओळ होती: 'शिमग्यात ह्या बाजूला यायचं तर जेवणाचं आधी ठरवा, घरं पालखीत असतात.' मी ती वाचली होती, पण मनावर घेतली नाही. जिथे घरगुती जेवण मिळतं असं लिहिलं होतं तिथे दाराला कडी. पालखी खालच्या वाडीत आली होती, ढोल इथपर्यंत ऐकू येत होते. शेवटी मीही तिकडेच गेले. पालखी नाचवणारी मुलं घामाने निथळत होती, आणि एका काकूंनी विचारपूस न करता माझ्या हातावर पुरणपोळी ठेवली. वहीत हे लिहिताना मी मूळ ओळीखाली एवढंच जोडलं की पालखी जिथे असेल तिथे जावं.

गुहागरहून दापोलीच्या बाजूला जायचं तर धोपावे-दाभोळ फेरीबोट. ह्या पानावर नवीन सांगण्यासारखं काही नाही. २००३ साली ती सुरू झाली आणि चिपळूणला वळसा घालून जाणं वाचलं. जयगड-तवसाळचंही तसंच. वेळा धक्क्यावर विचारून घ्याव्यात, वहीतल्या जुन्या आहेत.

कशेळीच्या कातळशिल्पाचं पान छोटं पण सोन्यासारखं. जांभ्याच्या सड्यावर कोरलेला तो प्रचंड हत्ती, आणि त्याच्या पोटात-पाठीत कोरलेले कितीतरी प्राणी आणि मासे. पानावर पहिलीच सूचना: 'दुपारी जाऊ नका, काही दिसणार नाही. ऊन तिरपं असताना जा.' मी आधी एकदा दुपारी बाराला गेले होते, तेव्हा मला खरोखरच नुसता कातळ दिसला होता. ह्या वेळी सकाळी सातला पोचले. रेषांच्या एका कडेला सावली धरली होती आणि सोंड, पाय, पाठ सगळं आपोआप सुटं होत गेलं. चप्पल बाहेर काढा, रेषांवर खडू फिरवू नका, पाणी ओतू नका, हेही लिहिलेलं आहे. २०२२ साली कोकणातली ही कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली, ती नोंद गटातल्या सगळ्यात लहान मुलीने केलीय, आणि तिच्या शेजारी आप्पांनी फक्त एक मोठं उद्गारचिन्ह काढलंय. परत येताना कनकादित्याचं देऊळ चुकवू नये.

वेळासच्या पानाने थोडी निराशा केली. कासवांची पिल्लं बघायला फेब्रुवारीच्या शेवटी गेले. वहीतल्या तारखा आठ-दहा वर्षांपूर्वीच्या, आणि पिल्लं बाहेर यायचे दिवस अंडी कधी घातली त्यावर ठरतात. साधारण पन्नास दिवस लागतात, थंडी-उन्हाप्रमाणे कमी-जास्त. पहिल्या संध्याकाळी अंड्यांच्या खड्ड्यावर झाकलेल्या टोपलीखाली एकही पिल्लू नव्हतं. दुसऱ्या सकाळी सात होती. ती वाळूवरून पाण्याकडे जाताना मधे थांबतात, पुन्हा निघतात, आणि पहिल्या लाटेने मागे फेकली तरी तोंड समुद्राकडेच वळवतात. राहायची सोय गावातल्या घरांतच झाली, उत्तम. निघण्याआधी गावात फोन करून अंदाज घ्यावा, वहीवर विसंबू नये.

आणि एका जागी ह्या वहीने मला पुरतं अडकवलं. देवगड तालुक्यातल्या एका तिठ्यावर 'साडेपाचची वडाप, हमखास' अशी २०१४ ची नोंद; वडाप म्हणजे माणसं गोळा करून नेणारी खाजगी गाडी. त्याखाली कोणी काही लिहिलेलं नाही. मी पाचला पोचले. सहा वाजले, साडेसहा झाले, काजूच्या झाडांखाली अंधार उतरायला लागला. रस्त्यावर एक म्हैस आणि मी. गडग्यापलीकडच्या घरातून एक आजी बराच वेळ बघत होत्या, त्या शेवटी बाहेर आल्या. "खंय जातलंस गो? ती गाडी दोन वर्सां झाली बंद पडली." मग माझ्या पिशवीला हात घालून, "चल, घराक चल." रात्री उकड्या तांदळाची पेज, तळलेला बांगडा, आणि माजघरात गोधडी. सकाळी पहिल्या एसटीला त्यांचा नातू बसवून गेला. पैसे घेतले नाहीत. पुन्हा गेले तेव्हा मी त्यांच्यासाठी रत्नागिरीहून साडी नेली.

त्या रात्री झोप लागली नाही. भीती नव्हती. पान पुन्हा पुन्हा आठवत होतं. 'हमखास' लिहिणारा खोटं बोलला नव्हता. पूर्वी असं पान चार-पाच महिन्यांपेक्षा जास्त एकटं राहत नसे. कोणीतरी जाऊन येई आणि खाली लिही: 'आता सहाला येते', 'ड्रायव्हर बदलला', 'पावसाळ्यात नाही'. शेवटच्या काही वर्षांत जाणारेच कमी झाले आणि आमच्यातल्या कुणालाच ते जाणवलं नाही. गट कार्तिकात संपला असं आम्ही म्हणतो. ह्या पानावर तो केव्हाच संपला होता.

म्हणून ही वही वापरताना आता मी दोन हिशेब ठेवते. भरती, ऊन, कातळ, देवळं, उताराच्या पाखाड्या, बारमाही पाण्याच्या विहिरी ह्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवते. गाड्या, भाडी, खानावळी, फोन नंबर ह्यांची आधी चौकशी करते. भाड्याच्या पानावर तर कुडाळच्या वहिनींनी ठळक अक्षरांत लिहिलंय: 'मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट, आता घरी बसू नका.' त्यांच्या त्या एका ओळीने मी ह्या आठ महिन्यांत निदान चार वेळा घराबाहेर पडले.

मृग लागला आणि फिरणं थांबलं, तेव्हा मी माझ्या सगळ्या दुरुस्त्या एका जागी उतरवल्या. नऊ पानं झाली. त्यांच्या झेरॉक्स काढून बाकीच्या नऊ जणांना आणि पुण्याला आप्पांना टपालाने पाठवल्या. गट पुन्हा सुरू करण्याचा विचार नव्हता. तो होणार नाही, पडवी विकली गेली आहे. तिघांची उत्तरं आली. एकांनी फोन करून बराच वेळ जुन्या गोष्टी काढल्या आणि मधेच गप्प झाले. आप्पांनी पोस्टकार्ड धाडलं, त्यावर वडापच्या नोंदीचं वर्ष २०१४ नसून २०१३ असल्याचं लिहिलं होतं.

कुडाळच्या वहिनींनी माझं हेदवीचं पानच परत पाठवलं. खाली तारीख घालून दोन ओळी: 'मी वैशाख वद्य तृतीयेला गेले. तुझ्या द्वितीयेपेक्षा पाणी कमी उडालं, पण आवाज जास्त होता.'