धार्मिक की लौकिक? वृंदगानाच्या रचना निवडताना

चार आवाजांचा वृंद जमला, सूर लागू लागले की प्रश्न येतो: मोटेट आणि मिस्सा या चर्चच्या धार्मिक रचना घ्यायच्या, की मॅड्रिगल आणि पार्टसाँग ही लौकिक गाणी? मी दोन्ही आलटून पालटून बसवलं आहे, म्हणून अनुभवाचं सांगतो. तुमच्या वृंदाचा अनुभव वेगळा असू शकेल.

लौकिक रचना श्रोत्यांना लगेच भिडतात. फ्रेंच संगीतकार जानकँच्या सोळाव्या शतकातल्या पक्ष्यांच्या गाण्यात चारही आवाज किलबिलू लागले की मागच्या रांगेपर्यंत चेहरे खुलतात. मॅड्रिगल तर मुळात छोट्या बैठकीत, एका ओळीला एकेक गायक घेऊनही गायची. त्यामुळे आठ-दहा जणांचा वृंदही तोकडा वाटत नाही. घुमारा नसलेल्या सभागृहातही ती खुलतात. धार्मिक रचनांसाठी गाजलेल्या इटालियन संगीतकार पालेस्त्रीनाची लांब सुरावट अशा जागी उघडी पडते, प्रत्येकाचा श्वास ऐकू येतो.

पण माझा कल फिरवला तो दुसऱ्या कडव्याने. कडव्यांच्या पार्टसाँगमध्ये सुरांच्या एका ओळीखाली शब्दांच्या तीन ओळी, त्याही बारीक अक्षरात. पहिलं कडवं पाठ होतं. दुसऱ्यात सूर तेच, पण शब्दांचा आघात सरकलेला. आधी जिथे श्वास घेतला, तिथे आता वाक्य मधेच तुटतं. आल्टो (बायकांचे खालचे आवाज) चुकून तिसऱ्या ओळीवर उतरतात, टेनर (पुरुषांचे वरचे आवाज) दुसरीवरच असतात. त्याहून वाईट म्हणजे सगळ्यांच्या माना खाली. कडव्याच्या शेवटी लय जराशी सैल करायची म्हणून मी हात रोखून धरतो आणि अर्धा वृंद पुढे निघून गेलेला असतो. पाठांतर हा उपाय आहेच, पण आठवड्यातून एकदा भेटणाऱ्या हौशी गायकांकडून ते किती मागायचं?

याउलट किरिये, म्हणजे मिस्सातली ‘प्रभो, दया कर’ ही प्रार्थना घ्या. शब्द तीनच: किरिये, क्रिस्ते, एलेइसॉन. बाकी सगळं लक्ष सुराकडे आणि माझ्या हाताकडे. शिवाय तेच शब्द पुन्हा भेटतात: ‘आवे वेरुम कोर्पुस’ या लॅटिन स्तोत्राला इंग्रज संगीतकार बर्डने १६०५ मध्ये छापलेली चाल आहे आणि मोत्सार्टची १७९१ मधलीही. एक बसवली की दुसरीचे शब्द तयारच. लॅटिनचे स्वर स्थिर असल्याने सगळ्यांचा ‘आ’ एकाच तोंडून आल्यासारखा जुळवता येतो. इंग्रजी ‘डे’मध्ये प्रत्येक जण ‘ए’वरून ‘ई’वर आपापल्या वेळेला घसरतो आणि स्वरमेळ तिथेच गढूळ होतो.

श्रद्धेचा प्रश्न मात्र खरा आहे. रचना ठरवण्याआधी अर्थ सगळ्यांना सांगावा, आणि कुणाला मनापासून नको असेल तर तेवढ्यापुरतं न गाण्याची मोकळीक द्यावी. संपूर्ण कार्यक्रम संथ मोटेटांचा असला तर श्रोते थकतात, हेही मान्य.

म्हणून मी कणा धार्मिक ठेवतो आणि मधे दोन-तीन लौकिक रचना पेरतो. त्यातही सलग बांधलेली, एका चालीवर कडवी न फिरणारी इटालियन मॅड्रिगल आधी पाहतो. पहिलाच कार्यक्रम असेल तर मोत्सार्टचं ‘आवे वेरुम’ घ्या असं सुचवेन. अवघे ४६ बार (स्वरलिपीतले तालाचे खंड) आहेत, आणि तंतुवाद्यं नसली तरी ऑर्गनच्या साथीवर छान निभावतं.